नोव्हेंबरची स्लिप

४ मे

ताई,

नमस्कार. तुम्हाला काय म्हणावं हे ठरवण्यात आठवडा गेला. शेवटी ताईच लिहिलं. राग आला तरी पत्र शेवटपर्यंत वाचा.

मी तुमच्या आधीच्या मिस्टरांची बायको. लग्नाला सव्वादोन वर्षं झाली. तुमचा पत्ता तुमच्या घटस्फोटाच्या कागदाच्या झेरॉक्सवर होता, तिथून उतरवून घेतला.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. माझा व्हिसा यांच्या जिवावर आहे आणि तो तीस सप्टेंबरला संपतो. वाढवून घ्यायचा तर यांच्या सलग सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, तेवढ्याच महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट, दातांच्या लॅबच्या मालकाचं पत्र, भाडेकरार, असं बरंच लागतं. फॉर्ममध्ये एक रकाना आहे. नवऱ्याच्या पगारातून पहिल्या बायकोला पोटगी जाते का? जात नसेल तर पुरावा जोडा. म्हणजे कोर्टाच्या सहीशिक्क्याची निकालाची नक्कल आणि तुमच्या हातचं पत्र. झेरॉक्स चालत नाही. यांना म्हटलं, तुम्ही मागवा. म्हणाले, मी तिच्या तोंडी लागणार नाही, राहायचंय तुला, तूच मिळव.

मी एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करते. उत्तर घरी पाठवू नका, खालच्या लॉन्ड्रीच्या पत्त्यावर पाठवा. आमच्या सुपरवायझर बाई हो म्हणाल्यात. फोनही नको. हे रोज संध्याकाळी माझा फोन मागून घेतात, बघतात आणि परत देतात. तसा बाकी काही त्रास नाही.

हे म्हणतात, तुम्हाला इथलं मानवलं नाही म्हणून तुम्ही आपणहून गेलात. मला त्यात पडायचं नाही. मला फक्त कागद हवा आहे.

तुमची
(पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही, तसंच सोडते.)


१९ मे

त्या घरातल्या बाईंस,

ताई म्हणू नका. माझ्या आईला मी एकुलती एक.

मी नोटरीच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. दिवसाला तीस-चाळीस माणसं येतात. सगळ्यांना माझ्याकडून एक कागद हवा असतो आणि सगळे आधी नमस्कार करतात. त्यामुळे तुमच्या नमस्काराचं विशेष वाटलं नाही.

मी आपणहून गेले नाही. माझाही व्हिसा असाच वाढवायचा होता. सहाच्या जागी पाच स्लिपा भरल्या, अर्ज फेटाळला गेला. तो म्हणाला, दोन महिने जाऊन ये, मी इथून परत बोलावून घेतो. एक बॅग घेऊन आले. नऊ वर्षं झाली, ते दोन महिने अजून संपायचे आहेत.

नक्कल मला आठ दिवसांत मिळेल. पण तुम्हाला फुकट मिळणार नाही. पैसे नकोत. त्या घरात माझं एक खाकी पाकीट आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून ग्रंथपालाच्या पदवीपर्यंत माझी सगळी मूळ सर्टिफिकेटं त्यात आहेत. निघताना त्यानेच ठेवून घेतली. म्हणाला, बॅगेत हरवशील, इथे नीट राहतील. मी चार पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. इथल्या एका शाळेत ग्रंथपालाची जागा निघाली आहे. एकतीस ऑगस्टपर्यंत मूळ कागद दाखवायचे. वयाच्या अटीत मी यंदा शेवटची बसते, पुढच्या वर्षी अर्जच करता येणार नाही.

दुसरी प्रत का काढत नाही, असं विचाराल. त्यासाठी ‘कागद हरवले’ असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते हरवलेले नाहीत, कुठे आहेत ते मला ठाऊक आहे. खोटी प्रतिज्ञापत्रं मी रोज दुसऱ्यांची टाइप करते. स्वतःचं करणार नाही.

तुम्ही माझे कागद पाठवा, मी तुमचे पाठवते. आधी तुम्ही. तुम्ही तिथे राहिलात काय आणि परत आलात काय, मला सारखंच. खरं सांगायचं तर परत आलात तर जरा बरंच वाटेल.

टायपिस्ट


७ जून

ताई,

म्हणू नका म्हणालात तरी म्हणते. ‘बाई’ लिहून पाहिलं, तर शाळेतल्या बाईंना रजेचा अर्ज लिहितेय असं वाटलं.

तुमचं पत्र कामावर वाचलं. वाचताना इस्त्री चादरीवर तशीच राहिली, चादर गेली. सुपरवायझर बाईंनी ती चादर उचलून सगळ्यांना दाखवली.

पाकीट शोधते. पण घर तुम्हाला माहीत आहे. पलंगाखाली, कपाटावर, मोरीच्या वरच्या फळीवर बुटांचे खोके आणि प्रत्येक खोक्यात प्लास्टरचे जबडे. ज्यांच्या कवळ्या बनवल्या त्यांचे. लॅबमध्ये जागा नाही म्हणून घरी आणतात म्हणे. मी मोजले, एकतीस खोके आहेत. हात लावलेला चालत नाही. खोका बोटभर सरकला तरी त्यांना कळतं. मग ओरडत नाहीत, नुसतं विचारतात, काय हवं होतं? शनिवारी ते दुपारपर्यंत लॅबमध्ये असतात, तेव्हा चार-चार खोके बघेन. आज चार बघितले. त्यांत दातच होते.

स्लिपांचंही तसंच. पगार झाला की स्लिप मला दाखवतात आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात. मागितली की म्हणतात, सप्टेंबर लांब आहे.

तुम्ही लिहिलंत की मी परत आले तर तुम्हाला बरं वाटेल. मी कुठे परत येऊ? आईवडील गेल्यावर भावाने माझी खोली भाड्याने दिली. भाडेकरूने दारावर नावाची पाटी लावली. वहिनीने मला त्या पाटीचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, छान दिसते ना?

तुमची धाकटी
(रागावू नका, लिहून टाकलं.)


२४ जून

धाकटे,

बरं, ताई तर ताई. मग मीही अगंतुगं करते.

माझ्या वेळी खोके अकरा होते. एकतीस वाचून मी हसले, आणि ऑफिसातल्या अशिलाला वाटलं मी त्याला हसले.

आता नीट वाच, कारण हे तुला तो सांगणार नाही आणि ऑफिसवाले तर नाहीच नाही. बँकेच्या स्टेटमेंटच्या प्रत्येक पानावर शिक्का हवा. नुसत्या पहिल्या पानावरचा चालत नाही, बँकवाला कुरकुर करेल, उभी राहा. स्लिपवरचा आकडा आणि खात्यात जमा झालेला आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळला पाहिजे. जुळत नसेल तर लॅबच्या मालकाकडून खुलासा घे. मालकाचं पत्र एक महिन्याहून जुनं नको, म्हणजे ते सगळ्यात शेवटी माग. आणि स्लिप हातात आली की त्याच दिवशी आपल्या जवळ ठेव. लॉन्ड्रीत तुझ्या कपाटाला कुलूप असेल तर तिथे.

हे शेवटचं मी अनुभवाने सांगते. ती सहावी स्लिप मी हरवली. त्याने माझ्या हातात दिली होती. मला आठवत नाही, पण तो म्हणतो म्हणजे दिली असणार. त्याच आठवड्यात मी रद्दी काढली होती, तिच्यात गेली असेल. आम्ही घर उलथंपालथं केलं. तो माझ्याबरोबर गुडघ्यांवर बसून पलंगाखाली शोधत होता. एकदाही आवाज चढवला नाही. उलट म्हणाला, होतं असं माणसाच्या हातून. मला तेच जास्त लागलं. लॅबच्या मालकाकडे गेला, पण मालक दुसरी प्रत देईना.

इथे आल्यावर आई रोज म्हणायची, तुला एक कागद सांभाळता आला नाही. शेवटच्या आजारात तिला माझं नाव आठवत नव्हतं, पण कागद हरवणारी म्हणून मी लक्षात होते. पुढे दीड वर्षाने घटस्फोटाचे कागद आले, तेव्हा वकील म्हणाला, बाई, पोटगीचा हक्क सोडू नका. मी म्हटलं, चूक माझी, मी कुठल्या तोंडाने मागू? मजकूर मीच टाइप केला आणि सही करून दिली.

हे कोणाला लिहिलं नव्हतं. वाच आणि फाडून टाक.

ताई


११ जुलै

ताई,

तुमचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

पाकीट अजून नाही मिळालं. बरेच खोके झाले, थोडे राहिले. मिळेल.

तुम्ही सांगितलंत तसं सगळं करतेय. बँकेत तासभर उभी राहिले, सगळ्या पानांवर शिक्के घेतले. मागे लागून लागून एप्रिल, मे, जूनच्या स्लिपा मिळवल्या. मार्चची मात्र सापडत नाही. मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने धरायचे आहेत, म्हणजे ती हवीच. बघू.

ताई, तुमची ती हरवलेली स्लिप कुठल्या महिन्याची होती?

आणि एक मागते. नक्कल आधी पाठवाल का? टपालाला तुमच्याकडून दहा-बारा दिवस लागतात, पाकीट मिळायची वाट बघत बसलो तर माझं गळ्याशी येईल. विश्वास बसत नसेल तर राहू दे.

धाकटी


२९ जुलै

धाकटे,

नोव्हेंबरची. नऊ वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. लोक विचारतात, कशी काय हरवली? कुठल्या महिन्याची, हे विचारायला माणूस आपला लागतो.

तू पण मार्चची हरवलीस ना, वेंधळी. आपण दोघी एकाच वळणाच्या दिसतो. पुन्हा एकदा रद्दीत बघ. फडताळात कागद अंथरला असेल तर तो उचलून बघ.

नक्कल सोबत पाठवते. कोर्टात तीन चकरा झाल्या. माझं पत्रही आहे, नोटरीसमोर सही केलेलं. पोटगी घेत नाही, बाकी काही मागणं नाही, पुढेही असणार नाही. आमचे नोटरी म्हणाले, ‘पुढेही’ हा शब्द कशाला घालताय? मी म्हटलं, असू दे, त्या मुलीचं काम अडायला नको. तू पाकीट पाठवण्याआधी हे पाठवते आहे. मी असं सहसा करत नाही.

परवा त्या शाळेत जाऊन आले. ग्रंथालय म्हणजे एक लांब खोली, नऊ कपाटं. पुस्तकं विषयवार लावलेली नाहीत, उंचीवार लावली आहेत! शिपायाने ओळीत छान दिसावीत म्हणून लावली म्हणे. माझे हात शिवशिवले. मधल्या कपाटातली चार पुस्तकं तिथल्या तिथे बदलूनही आले. शिपाई बघत होता, तो म्हणाला, बाई, तुम्ही लवकर या.

एकतीस ऑगस्ट. विसरू नकोस.

ताई


१६ ऑगस्ट

ताई,

नक्कल आणि पत्र आठ तारखेला मिळालं. तुमचे उपकार कसे फेडू.

मार्चची स्लिप मिळाली. आता ऑगस्टची आली की अर्ज भरते.

पाकीट शोधतेच आहे. घाईत लिहिते, चादरी साचल्यात.

धाकटी


२ सप्टेंबर

धाकटे,

एकतीस तारीख गेली. शाळेत गेले होते. कागदांऐवजी एक विनंतीअर्ज टाइप करून नेला, की मूळ कागद पंधरा दिवसांत सादर करते. मुख्य कारकुनाने तो वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला आणि माझ्या मागच्या बाईंना पुढे बोलावलं. त्या बाईंच्या प्लास्टिकच्या पिशवीत सगळं नंबर घालून लावलेलं होतं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू शोधलंस, नाही मिळालं, तर तू काय करणार? तुझं काम होऊ दे.

मार्चची कुठे होती गं?

ताई


२० नोव्हेंबर

ताई,

मला व्हिसा मिळाला. अडीच वर्षांचा. सोबत तुमचं खाकी पाकीट आहे. सर्टिफिकेटं नऊ आहेत, मोजून घ्या.

हे पाकीट मला चौदा जूनलाच मिळालं होतं. दुसऱ्या शनिवारी, सातव्या खोक्यात, जबड्यांच्या खाली. सर्टिफिकेटांमध्ये घडी घातलेली एक पगाराची स्लिप होती. यांची, जुनी, नोव्हेंबरची. तेव्हा मला काही समजलं नाही. वाटलं, चुकून राहिली असेल. मग तुमचं ते पत्र आलं, रद्दीचं आणि आईचं. म्हणून मी महिना विचारला.

तुम्ही ती हरवली नव्हती. ती कधी तुमच्या हातात आलीच नव्हती.

तेव्हाच का नाही कळवलं, ते लिहिते. तुम्ही मला कधी खोटं लिहिलं नाहीत, म्हणून मीही एकदा खरं लिहिते. कळवलं असतं तर तुम्ही कोर्टात गेला असता, पोटगी मागितली असती, आणि माझ्या फॉर्ममधला तो रकाना अडला असता. तुमच्याकडून नक्कल यायची होती. माझ्या हातात काहीतरी राहू दे, म्हणून सर्टिफिकेटंही ठेवली. नक्कल आल्यावर पाठवायची होती. टपालात जाऊन वजनही करून आणलं. मग वाटलं, तुमचं सगळं नीट झालं तर तुम्ही मला उत्तर कशाला द्याल? व्हिसा ऑफिसने तुम्हाला पत्र लिहून काही विचारलं तर? म्हणून थांबले. एकतीस ऑगस्ट मला आठवत होता. त्या दिवशी कामावर मी सारखी घड्याळाकडे बघत होते. पाच वाजल्यावर बघायची थांबले.

मार्चची कुठे होती, विचारलंत. यांच्या कोटात. तू हरवलीस म्हणत होते. तुम्ही लिहिलं होतंत तस्संच, माझ्याबरोबर गुडघ्यांवर बसून पलंगाखाली शोधत होते. मीही शोधत होते. तुमची नोव्हेंबरची तेव्हा माझ्या ब्लाउजमध्ये होती. तुमचं उत्तर येईपर्यंत मी गप्प राहिले. ते आलं त्याच दिवशी, हे जेवायला बसल्यावर, मी ती स्लिप ताटाशेजारी ठेवली.

यांनी बघितली. ‘कुठल्या खोक्यात?’ एवढंच विचारलं.

मी म्हटलं, ‘मार्चची द्या.’

यांनी जेवण पूर्ण केलं, हात धुतले, पुसले, कोटातून मार्चची काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, ‘आता ती दे.’

‘व्हिसा आल्यावर.’

तेव्हापासून घरात काही वाद नाही. मालकाचं पत्रसुद्धा यांनीच आणून दिलं. परवा व्हिसा आला आणि मी नोव्हेंबरची देऊन टाकली. यांनी ती सिंकमध्ये जाळली आणि नळ सोडला.

तिची एक झेरॉक्स माझ्याकडे आहे. यांना माहीत नाही. ती मी तुम्हाला देणार नाही. अडीच वर्षांनी मला परत सहा स्लिपा लागतील, तेव्हा माझ्याजवळ दुसरं काय असणार आहे? तुम्ही आपल्या हातून काही चुकलं नव्हतं एवढं कळलं, यात समाधान माना. मला कोणी एवढंही सांगितलं नसतं.

मी दुसरं काम बघते आहे. उत्तर लिहू नका.

धाकटी


८ डिसेंबर

बाई,

नऊ सर्टिफिकेटं मिळाली. त्यांचा आता उपयोग नाही, पण मोजून घेतली. शाळेत त्या प्लास्टिकच्या पिशवीवाल्या बाई रुजू झाल्या.

तुझं पत्र ऑफिसात बसून वाचलं. वाचून झाल्यावर तीन प्रतिज्ञापत्रं टाइप केली, एकही चूक नाही. नऊ वर्षं मी प्रत्येक रद्दीवाल्याच्या गोणीकडे बघते. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून मी त्या कागदासाठी माफी मागितली होती. तिने दिली नाही.

तुझ्या पत्राच्या सहा पानांची झेरॉक्स काढली. व्हिसा ऑफिसला पाठवणार होते, पाकिटावर पत्ताही टाइप केला. मग लक्षात आलं, तिथे आपली भाषा कोण वाचणार? ती वाचणारा तुझ्या गावात एकच माणूस आहे. त्यालाच पाठवते आहे. रजिस्टर्ड, घरच्या पत्त्यावर. स्लिपच्या झेरॉक्सचं तू तुझ्याच अक्षरात लिहिलं आहेस, मला वेगळं काही लिहायची गरज नाही.

का, असं विचारशील. तू खरं लिहिलंस, मीही लिहिते. जूनमध्ये सांगितलं असतंस तर मी तुला नक्कल दिली असती, पत्रही दिलं असतं आणि तुझा व्हिसा होईपर्यंत पोटगीचं नाव काढलं नसतं. तुला हे पटणार नाही. आता मलाही पटत नाही.

हे पत्र आज टाकते. त्याचं पुढच्या सोमवारी टाकेन. मध्ये सात दिवस आहेत. झेरॉक्स घेऊन बाहेर पड, वकील गाठ, नाहीतर त्याच्या पाया पड. काय ते कर. मला कोणी सात दिवस दिले नव्हते.

टायपिस्ट


१४ जानेवारी

स. न. वि. वि.

तुझं रजिस्टर्ड पत्र मिळालं. त्याआधी आठ दिवस तू तिला लिहिलेलं दुसरंही मिळालं. ती नोव्हेंबरअखेरीस लॉन्ड्रीतून सुटली होती. तिथल्या सुपरवायझर बाई भल्या आहेत, वाट वाकडी करून घरी आल्या आणि पाकीट माझ्या हातात दिलं. तेव्हा तू तिला दिलेले सात दिवस मला मिळाले. ते पुरले.

झेरॉक्स सापडली. स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे होती. तुला माहीत आहे, मला घरात आरडाओरडा आवडत नाही. संसार संपला असं व्हिसा ऑफिसला रीतसर कळवलं. त्यांनी तिला साठ दिवसांची मुदत दिली होती, पण ती आधीच गेली. विमानतळापर्यंत बॅग मी उचलली. सध्या ती भावाकडे आहे, म्हणजे जिन्याखालच्या जागेत आहे, असं तिच्या वहिनीने कळवलं. आपण बरं असताना लोक आपल्याला कळवत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

तू मला हे पाठवलंस याबद्दल मनापासून आभार. जुनं काही मनात ठेवलं नाहीस.

आता एक काम. आपसांतल्या घटस्फोटाचा मसुदा हवा आहे. इथल्या वकिलांना आपल्याकडची भाषा जमत नाही आणि तिच्या भावाला वाचून समजेल असा मजकूर हवा. ती सही करेल, तिची तयारी आहे. वहिनीने तेही विचारून ठेवलं. मार्चच्या आत झालं तर बरं, मला पुढचं ठरवायचं आहे. आपल्या वेळचा तू टाइप केलेला कागद माझ्याकडे आहे. पोटगीचं कलम त्यात फार चांगलं उतरलं होतं. तोच मजकूर चालेल. फक्त नाव बदल, आणि तारीख.